बल्ब घेण्याआधी होल्डर आणि हंडी पाहा

गोव्यातल्या डिचोलीहून एका ताईंनी विचारलं आहे: सासऱ्यांच्या जुन्या कौलारू घरात ६० वॅटचे पिवळे बल्ब होते. तीन वर्षांपूर्वी ते काढून सगळीकडे ९ वॅटचे एलईडी लावले. दर पावसाळ्यात दोन-तीन जातात, न्हाणीघरातला तर सहा महिनेही टिकत नाही. जिन्यातला बल्ब बंद केला तरी रात्री मंद पेटलेला दिसतो. पुढच्या दालनातल्या झुंबराला काय लावावं ते कळत नाही. चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, सगळं एकदमच बदलायचं आहे आणि भावाच्या मोरजीच्या घरालाही तेच बल्ब घ्यायचेत. तर कोणत्या कंपनीचे घेऊ?

ताई, फोंडा भागात मी २८ वर्षं घरांच्या वायरिंगची कामं करतो. कंपनीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवू या. तुम्ही लिहिलंय त्यावरून दिसतं की उद्या सगळ्यांत महागडा बल्ब आणलात तरी न्हाणीघरातला तो तसाच जाईल, कारण दोष बल्बात कमी आणि तो जिथे बसवलाय त्या जागेत जास्त आहे. म्हणून आधी घरातल्या प्रत्येक दिव्याखाली उभं राहून तीन गोष्टी पाहून घ्या: होल्डर कोणता आणि कसा आहे, बल्बाभोवती हवा खेळते की तो कोंडलेला आहे, आणि त्या उजेडात आपण नेमकं काय करतो. वहीत टिपून ठेवा. दुकानात जायचं ते ती वही घेऊन.

न्हाणीघरापासून सुरुवात करतो, कारण सगळं तिथेच उमगतं. तुमच्याकडे काचेची गोल बंद हंडी असणार, जुन्या घरांत तीच असते. जुना पिवळा बल्ब त्या हंडीत वर्षानुवर्षं चालायचा. त्याला दिलेल्या विजेतली ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णता व्हायची, पण तारेला तापण्याचं काही वाटत नव्हतं. तापून लाल होणं हेच तिचं काम. एलईडीचं उलट आहे. त्याच्या गळ्यात एक छोटं सर्किट असतं, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. घरातल्या २३० व्होल्टच्या एसी विजेवरून चिपला लागणारी डीसी वीज तो तयार करतो. त्यात बहुधा एक कपॅसिटर असतो, आत द्रव भरलेला. तो तापला की हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं तर कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. ९ वॅटच्या एलईडीतली निम्म्याहून जास्त वीज उष्णताच होते, आणि ती बल्बाच्या अंगातून बाहेर हवेत जायला हवी. बंद हंडीत ती जाणार कुठे? खोक्यावरचे १५ किंवा २५ हजार तास मोकळ्या हवेतले असतात. आणि तेवढ्या तासांनी बल्ब विझतो असा त्या आकड्याचा अर्थ नाही. उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा तो काळ आहे. विझतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हर, आणि तो त्याच्या कितीतरी आधी जाऊ शकतो.

तेव्हा न्हाणीघरात ९ वॅटचा लावूच नका. तेवढ्याशा खोलीला ५ वॅटचा पुरतो. कोंडलेल्या हंडीत तो कमी तापतो आणि जास्त टिकतो. काही बल्बांच्या खोक्यावर बंद फिटिंगमध्ये चालेल असं छापलेलं असतं. तसा मिळाला तर तोच घ्या. हंडीची रबरी चकती वाळून गेली असेल, तर आत वाफ शिरून होल्डर हिरवा पडलेला दिसेल. तसं असेल तर हंडीच काढून टाका आणि आयपी ६५ दर्जाचं, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारं, पूर्ण बंद एलईडी फिटिंग बसवा. त्याचं मागचं अंगच उष्णता बाहेर टाकायला बनवलेलं असतं.

आता होल्डर. आपल्याकडे जुन्या घरांत दोन खटक्यांचा पिन होल्डर असतो, खोक्यावर त्याला बी-२२ लिहितात. आट्यांचा मोठा तो ई-२७, आणि झुंबरात असतो तो लहान आट्यांचा ई-१४. एवढं ओळखलं की चुकीचा बल्ब घरी येत नाही. पण नुसतं माप जुळून भागत नाही. गेली तीस-चाळीस वर्षं ६० आणि १०० वॅटच्या बल्बांनी ते बॅकेलाइटचे होल्डर भाजून काढलेत. आतल्या पितळी पिना काळ्या पडतात, त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या होतात. वर आपली दमट हवा, आणि होल्डरात घर करणाऱ्या मुंग्या. असा होल्डर बल्बाला नीट टेकत नाही. पेटवल्यावर बारीक चर्रर्र आवाज येतो, उजेड लवतो. तिथे ठिणगी उडत असते आणि दर ठिणगीला ड्रायव्हरला धक्का बसतो. पिवळ्या बल्बाला हे सोसायचं, एलईडीला सोसत नाही. तुमच्या घरात बल्ब जाण्याचं निम्मं कारण इथेच सापडेल असं मला वाटतं. एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्या लाईनचा स्विच, बंद करून एकेक होल्डर उघडून पाहायला सांगा; काळा, हिरवा किंवा ठिसूळ दिसला की बदला. नवा होल्डर सहसा बल्बापेक्षा स्वस्त पडतो, आणि मी घर हातात घेतलं की आधी तेच काम करतो.

पावसाळ्यात दोन-तीन जातात म्हणता, ते मात्र बाहेरून येतं. मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात आपल्याकडे विजा कडाडतात. डिचोली-सत्तरीकडे तर लाईन माडापोफळींतून आणि रानातून येते. जवळपास वीज पडली की लाईनमधून क्षणभराचा मोठा दाब घरात येतो. बल्बाच्या खोक्यावर २.५ किंवा ४ किलोव्होल्ट सर्ज प्रोटेक्शन असं छापलेलं असतं ते याचसाठी. आपल्याकडे ४ किलोव्होल्टचा घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. पण खरा बंदोबस्त मीटरजवळच्या मेन बोर्डात एसपीडी म्हणजे सर्ज प्रोटेक्टर बसवण्यात आहे. तो एकदा बसला की बल्बाबरोबर फ्रीज, टीव्ही, पंपाचा स्टार्टर यांनाही आडोसा होतो. मात्र एसपीडी आलेला दाब अर्थिंगमध्ये सोडतो, म्हणून अर्थिंग चांगलं हवं. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल खूप खाली जाते आणि अर्थिंग कमजोर होतं. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा.

याच ओघात एक इशारा, कारण तो जिवावरचा आहे. वाऱ्यापावसात माडाचं चुडत लाईनवर पडून कधी कधी न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार तुटते. मग काही घरांत दाब २३० वरून खूप वर चढतो आणि काही घरांत खाली पडतो. एका खोलीतला दिवा डोळ्यांवर येईल इतका लखलखतोय, दुसरीतला मिणमिणतोय, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरतोय असं दिसलं, की आधी मेन स्विच बंद करा, मग वीज खात्याला कळवा. त्या दोन-चार मिनिटांत घरातले सगळे एलईडी एकदम जाऊ शकतात, आणि आग लागण्याचाही धोका असतो. त्यावर कुठल्याही बल्बाची गॅरंटी उपयोगी पडत नाही. दाब वाढल्यावर किंवा घटल्यावर आपोआप लाईन तोडणारं उपकरण मेन बोर्डात बसवता येतं. तुमच्यासारख्या लांबच्या लाईनवरच्या घराला मी ते आग्रहाने सांगतो.

जिन्यातला बल्ब बंद करूनही मंद पेटतो, त्याने घाबरू नका, पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. त्याची तीन कारणं असतात. पहिलं साधं: स्विचला लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा अगदी किरकोळ प्रवाहही एलईडीला मिणमिणायला पुरतो. दुसरं: जिन्याला खालून-वरून चालणारी दुहेरी स्विचची वायरिंग असते. लांबलचक तारा एकमेकींना चिकटून जातात, आणि बंद तारेतही थोडा दाब उतरतो. या दोन्हींत धोका नाही. बल्बाला समांतर एक छोटा कपॅसिटर जोडला की तो विझतो. तिसरं कारण मात्र गंभीर आहे. जुन्या वायरिंगमध्ये कुणीतरी स्विच फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर लावलेला असतो. मग स्विच बंद केला तरी होल्डरमध्ये फेज जिवंत राहते, आणि बल्ब बदलताना हात लागला तर शॉक बसतो. स्विच बंद ठेवून वायरमनला होल्डरमध्ये टेस्टर लावून पाहायला सांगा. टेस्टर पेटला आणि स्विच न्यूट्रलवरच आहे असं दिसलं, तर तारा अदलाबदल करून घ्याव्याच लागतील. तोवर त्या जिन्यातला बल्ब मेन बंद केल्याशिवाय कुणी बदलू नये.

आता बल्बाच्या खोक्यावर काय वाचायचं. वॅट म्हणजे तो किती वीज खातो. उजेड किती ते ल्युमेन सांगतात. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा, ४० वॅटचा ४०० च्या आसपास, १०० वॅटचा १३०० च्या पुढे. आजचा बरा एलईडी दर वॅटला सुमारे १०० ल्युमेन देतो. म्हणजे ६० वॅटच्या जागी ७ वॅटचा पुरे, ९ वॅटचा जुन्यापेक्षा उजळच असतो. ९ वॅट हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय त्याचं एक कारण म्हणजे २०१५ साली देशभर सुरू झालेली उजाला योजना. त्या स्वस्त बल्बांमुळेच एलईडी गावोगाव पोचला. खोक्यावर तारांकित लेबल असतं. त्यातले तारे दर वॅटला उजेड किती यावरून देतात, जास्त तारे म्हणजे तेवढ्याच उजेडाला कमी वीज. आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक व आयएस १६१०२ हे मानक छापलेलं आहे ना, ते पाहा. ते नसलेला बल्ब फुकट मिळाला तरी घरात आणू नका.

बिलाचं गणितही करून ठेवा. रोज पाच तास जळणारा ६० वॅटचा बल्ब वर्षाला जवळजवळ ११० युनिटं खातो, ७ वॅटचा १३ च्या आत. पण ९ वरून ७ वर आल्याने वर्षाला चारेक युनिटंच वाचतात. म्हणून एवढ्यासाठी चालू बल्ब काढून टाकण्यात अर्थ नाही. जातील तसे बदला. चवथीआधी सगळे एकदमच बदलण्याची घाई करू नका म्हणतो ते यासाठी.

उजेडाच्या रंगावर मला जास्त बोलायचंय, कारण त्यात लोक सर्वांत जास्त चुकतात आणि मग घर का उदास वाटतं ते कळत नाही. खोक्यावर २७००, ४०००, ६५०० असे केल्विनचे आकडे असतात. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळा उजेड, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. पांढरा म्हणजे जास्त उजेड असं वाटून लोक सगळीकडे ६५०० लावतात. वसरीत, देवघरात, दालनात तो लावू नका. जुन्या घरांच्या भिंती पिवळ्या मातीच्या किंवा गेरूच्या रंगाच्या, वर लाकडी वासे, खाली तांबडी लादी. निळसर उजेडात हे सगळं राखेसारखं दिसतं. तेच २७०० लावलं की लाकूड आणि लादी पुन्हा उबदार दिसतात. चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधाल तेव्हा फरक बघा: सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळ, कांगलां, तोरिंगण हे सगळं पिवळ्या उजेडात खुलतं.

स्वयंपाकघराला ४००० ठेवा, पण तिथे आणखी एक आकडा पाहा, सीआरआय. सूर्यप्रकाशात रंग जसे दिसतात तसे बल्बाच्या उजेडात किती दिसतात याचं ते माप आहे, १०० पैकी. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर लेप देऊन त्याचा उजेड पांढरा करतात. या निळ्या एलईडीसाठीच २०१४ साली तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण स्वस्त लेपात तांबडा रंग कमी पडतो. बाजारातून आणलेल्या बांगड्याचे कल्ले लाल आहेत की काळपट, हे त्या उजेडात कळत नाही. मटण शिजलं की नाही, आमसुलांना बुरशी आलीय का, तेही नाही. साधे एलईडी बल्ब ८० सीआरआयचे असतात. ओट्यावर ९० किंवा त्याहून जास्तीचा लावा. तिथे ट्यूबलाइट असेल तर जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घुसवण्यापेक्षा पूर्ण पट्टीच बदला. एलईडी ट्यूबांना वीज कधी एका टोकाने, कधी दोन्ही टोकांनी द्यायची असते. जुना चोक आणि स्टार्टर मध्ये राहिला तर घोळ होतो. ३६ वॅटची जुनी ट्यूब चोकसकट ४५ च्या पुढे वॅट खायची, २० वॅटची एलईडी पट्टी ते काम करते.

बल्ब घेताना दुकानातच पेटवून पाहा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनमध्ये बघा. पट्टे धावताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर तो घेऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची. ड्रायव्हर हलका असेल तर बल्ब सेकंदाला १०० वेळा लवतो. डोळ्यांना वरवर कळत नाही, पण मुलं त्याच उजेडात अभ्यासाला बसली की डोकं दुखल्याची तक्रार येते. कॅमेरा नसेल तर बल्बाखाली पेन भराभर हलवून पाहा. पेनाच्या तुटक तुटक प्रतिमा दिसल्या तर समजा.

झुंबराचं उत्तर सोपं आहे, पण लोक तिथे उजेड फार करून बसतात. समजा त्याला आठ दिवे आहेत. पूर्वी २५ वॅटचे मेणबत्तीच्या आकाराचे बल्ब असतील, म्हणजे प्रत्येकी दोनशेच्या आसपास ल्युमेन. तेव्हा ई-१४ चे २ वॅटचे काचेचे फिलामेंट एलईडी घ्या, २७०० केल्विनचे. ४ वॅटचे लावलेत तर ३२०० ल्युमेन होतील आणि त्याखाली बसवणार नाही. प्लास्टिकची पांढरी मान असलेले मेणबत्ती बल्ब झुंबरात नको. ते उजेड वरच फेकतात आणि लोलकांतून तो फुटत नाही. फिलामेंट बल्बाचा उजेड चहूबाजूंनी पडतो. झुंबराला डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल तर दोन गोष्टी: बल्बावर डिमेबल लिहिलेलं हवं, आणि डिमरही एलईडीचा हवा. जुना डिमर मोठ्या लोडसाठी असतो, सगळे मिळून १६ वॅट झाल्यावर तो थरथरतो. पंख्याचा रेग्युलेटर तर दिव्याला कधीच जोडू नका. आणि चढलाच आहात तर झुंबराच्या नळ्यांतली जुनी रबराची वायर हातात कुसकरते का तेही पाहून घ्या. कुसकरत असेल तर चवथीआधी तीच बदला, बल्ब नंतर.

वसरीत पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं झुंबड करतात. निळसर उजेडाकडे ती जास्त येतात, पिवळ्याकडे कमी. अजिबात येणार नाहीत असं नाही, म्हणून बसायच्या सोप्यावर थेट दिवा न ठेवता कोपऱ्यात ठेवा.

वीज गेल्यावर पेटणारे बॅटरीचे बल्ब हल्ली खूप विकले जातात. एखाद्या खोलीत ठीक, पण बंद हंडीत नको, आतली बॅटरी तापते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यांची गरजच नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा, आहे ना तेवढं बघा.

आणखी एक काळजीची गोष्ट. बल्बाची पांढरी टोपी निखळली आणि आतली चिपांची चकती उघडी पडली, तरी तो पेटत राहतो. बऱ्याच स्वस्त बल्बांत त्या चकतीवर थेट मेनची वीज असते. तसा बल्ब लगेच काढा, तोही मेन बंद करूनच.

भावाच्या मोरजीच्या घराला मात्र तेच बल्ब नकोत. तिथे खारी हवा आहे. ॲल्युमिनियमच्या फिटिंगवर पांढरी भुकटी येते, लोखंडी स्क्रू वर्षभरात गंजून जाम होतात. बाहेरची फिटिंगं पॉलिकार्बोनेटची, आयपी ६५ ची घ्या, स्क्रू स्टेनलेसचे, होल्डर चिनीमातीचे. वायर खालून आत घ्या, म्हणजे पाणी तिच्यावरून आत उतरणार नाही.

आणि घर किनाऱ्याला लागून असेल तर हेही त्यांना कळवा: मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर पडली की सगळ्यांत उजळ दिसेल तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ते उजळ म्हणजे समुद्र असतो. घरातला पांढरा दिवा लखलखत असेल तर ती उलटी, रस्त्याकडे जातात. समुद्राच्या बाजूला ६५०० चा फ्लडलाइट असेल तर तो उतरवा. हवाच असेल तर अंबर रंगाचा, कमी वॅटचा, कमरेच्या उंचीवर, वरून टोपी असलेला आणि फक्त पायाखाली उजेड पाडणारा लावा. त्याचा स्विच घरात, दाराजवळ घ्या, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल झोपायच्या आधी तो बंद करायचं कुणाच्या तरी लक्षात राहील.